दोराचा खांब

व्हर्लीनताई,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तू शिकागोहून लगेच फोन करशील, "झालं ते झालं, आता कशाला उकरतेस?"

आपल्या किनाऱ्यावरचा तो गंजका खांब वाचला. त्याला दोर बांधून समुद्रात गोऱ्यांचं पाणी आणि आपलं काळ्यांचं पाणी वेगळं करायचे, तोच. नव्या हॉटेलवाल्यांना तो उपटायचा होता. गावसभेत त्यांचा माणूस मला म्हणतो, "बाई, नावा बांधायचा खांब तो. त्यात कसला आलाय इतिहास?"

मी तोंड उघडणार, तोच मागून म्हातारा हॉलिस काठी टेकत उठला. तो गोराच. म्हणाला, "नावा कसल्या? रोज सकाळी दोर मीच बांधायचो."

मग खांब ठेवावा म्हणून एकेक करत सगळे हात वर झाले. आता खांबाशेजारी दोराची हकिगत सांगणारा फलक लागणार, आणि मजकूर माझा.

आज सकाळी मी पोहत निघाले, हॉटेलच्या छत्र्यांसमोरून, चांगली ऐटीत. लहानपणी दोराजवळ गेले की तू माझी वेणी धरून मागे खेचायचीस. खांबासमोर पोचताच आजही मान आपोआप ताठली.

वेणी कुणी ओढली नाही, ताई. मी पुढे गेले.

तुझी,
रोझेटा