काळे मोजे सगळे सारखेच

ता. १४, सोमवार, सकाळ

धाकटे,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना पोटभर आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण एकतीस वर्षांत ना तू काही कळवलंस, ना मी. हे चौथं पत्र. तीन फाडली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण पाटीवर मला शिकवणारी मास्तरीण तूच, तेव्हा बोल लावायचा तर स्वतःला लाव.

आधी आनंदाची बातमी. मी सिनेमात आहे! नाचगाण्याच्या नव्हे गं, खऱ्या गोष्टीच्या. माहितीपट म्हणतात. शनिवारी संध्याकाळी सातला टीव्हीवर. सून गल्लीभर सांगत सुटलीये. काल वाणी म्हणाला, "आजी, आता सही द्या." म्हटलं, "माझी सही होईस्तोवर तुझं दुकान बंद करायची वेळ येईल."

थांब, दूध वर आलं.

हं. तर लढाईच्या शेवटच्या वर्षी मी हॉटेलात कपडे धुवायला होते, आठवतं ना? तेव्हा मॅनेजरने मला डोंगरावरच्या बंद ठेवलेल्या बंगल्यावर नेलं. नेताना एकच विचारलं, "वाचता येतं?" लोकांच्या खिशात कागद राहतात ना, म्हणून. काम हातचं जाऊ नये म्हणून मी म्हटलं, "छे हो, अंगठा." शपथ घालून घेतली की इथलं बाहेर बोलायचं नाही, काम संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही.

वरच्या मजल्यावर आपल्या बाजूचे साहेब, खालच्या मजल्यावर त्यांच्या बाजूचे. लढाई थांबवायची गुपचूप बोलणी! पण एकमेकांचं तोंड बघायचं नाही. मध्ये एक मध्यस्थ होता, तो बिचारा निरोप घेऊन जिना चढायचा, निरोप घेऊन उतरायचा. शांतता राहिली बाजूला, त्याच्या गुडघ्यांची वाट लागली.

बाराव्या दिवशी माझ्या हातून दोन्ही साहेबांच्या मोज्यांची अदलाबदल झाली. एक याचा, एक त्याचा. दोघेही तणतणत एकदमच माझ्या धुण्याच्या खोलीत आले.

वरचे म्हणाले, "हा माझा नाही. याला भोक आहे."

खालचे म्हणाले, "मग माझाच. तुमच्या तोफांपुढे मोजे घ्यायला फुरसत कुठे मिळते?"

वरच्यांना हसू आलं. मग खालच्यांना. मला बाहेर काढलं आणि दोघं इस्त्रीच्या टेबलाशी दोन तास बसले. पुढे सात दिवस एकाच टेबलाशी बसले. चार महिन्यांत बंदुका थांबल्या.

सिनेमावाल्या बाईंना हे फार आवडलं. "आजी, चूक झाली कशी?" मी म्हटलं, "अगं, काळे मोजे सगळे सारखेच!" आणि खदाखदा हसले. ते हसणं त्यांनी ठेवलंय. नात म्हणते, सगळ्यात छान तेच आहे.

मघापासून तीनदा उठून दाराची कडी बघून आले. घरात कुणी नाही, तरी.

धाकटे, एकोणिसाव्या दिवशी सुटून मी तडक तुझ्या दारात आले. तू विचारलंस, "कुठे होतीस?" शपथ होती. मी म्हटलं, "साहेबांची आई आजारी होती, तिच्यापाशी." तू म्हणालीस, "परकी म्हातारी तुला सख्ख्या भाच्याहून जवळची झाली?" आणि दार लावलंस. बरोबरच केलंस.

पण मला माहीत होतं गं. त्या बाराव्या दिवशी नवा साबण आला, तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सोडताना कागदावर लढाईत कामी आलेल्यांच्या नावांची यादी दिसली. मी बोट ठेवून ठेवून, तू शिकवलंस तशी, एकेक अक्षर लावत गेले. आपल्या बोक्याचं, तुझ्या लेकाचं, नाव. मग त्याच्या बापाचं. मग आडनाव. तीनदा लावून बघितलं, वाटलं मलाच नीट येत नाही. पाच दिवसांपूर्वीचा कागद होता.

आणि मला तर वाचता येत नव्हतं ना. मग रडणार कशी? नळ सोडला आणि कपडे खळबळत राहिले. वाळलेले मोजे समोर पडले होते, ते जोडायला घेतले. हातात कुणाचा होता ते बघितलंच नाही.

तेवढीच ती चूक.

शपथ कधीच सुटली होती, तरी मी बोलले नाही. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की पोर तिकडे गेलं आणि ज्यांच्या गोळीने गेलं त्यांच्या सदऱ्यांना मी इस्त्री करत होते? सिनेमावाल्यांनाही बोक्याचं सांगितलेलं नाही. त्याचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू आई आहेस.

पत्र घेऊन नातच येतेय. तिला बंद पाकीट दिलंय. तिला दारातून परत पाठवू नकोस, निदान पाणी दे.

शनिवारी मी हसायला लागले की टीव्ही बंद करशील, मी ओळखते तुला. करू नकोस. त्या बाईंनी तेव्हा माझ्या हातात मोज्यांचा ढीग दिला होता, जोडून दाखवायला. माझ्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. सगळे म्हणतील, म्हातारपणाने थरथरताहेत. तू तसं म्हणू नकोस.

तू जिला नाव वाचायला शिकवलंस ती,
तुझी मोठी