डाव्या हाताची वेल

खामगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय राबियास,

अस्सलाम अलैकुम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळे बरे. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुकानात आठवड्याला एखादं गिऱ्हाईक येतं, तुझी भावजय ताहेरा मला दुकान बंद करा म्हणते.

परवा आपले जुने गिऱ्हाईक उत्तमराव, त्यांचा नातू हर्षल आला. अमेरिकेत नोकरीला असतो. तिकडे दोनशे वर्षांपूर्वीच्या लांब नळीच्या बंदुका जमवणाऱ्यांत त्याची ऊठबस. नाव कोरलेलं नसलं तरी लाकडी दस्त्यावरची नक्षी बघून ही मंडळी कारागीर ओळखतात म्हणे. त्यानं आजोबांची ठासणीची बंदूक माझ्यासमोर ठेवली. अब्बांच्या दुकानातली, शहाऐंशी सालची. आपल्या भागातल्या बंदुकांवर तो पुस्तक लिहितोय, त्यात कारागिराचं नाव हवं होतं.

मी म्हटलं, "नक्षी माहीच." अडतीस वर्षं तेच सांगत आलोय.

मी बंदुकीच्या साफसफाईची पावती लिहीत होतो. माझ्या हाताकडे बघून तो म्हणाला, "काका, तुम्ही तं उजव्या हातानं लिहिता. ह्या वेलीचे सारे काप उलटीकडून आले. डावखुऱ्या माणसाचं काम हाय हे. कोन होतं दुकानात?"

अब्बांचे हात तेव्हा थरथरत होते. मी गावोगाव गिऱ्हाइकं धरत फिरायचो. तू एकोणीस वर्षांची, मागच्या खोलीत दार लावून तीन महिने ती वेल कोरत होतीस. बाहेर कळलं तर तुझं लग्न अडेल म्हणून अब्बांनी माझं नाव पुढे केलं. ते त्यांचं. पण पुढे सासरच्यांसमोर तू खरं सांगितलंस, तेव्हा मी हसून म्हटलं, "ही? ही तं आम्हाले चहा आणून द्यायची." ते माझं. त्या दिवसापासून तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. मला लाज वाटते, राबिया. तेव्हाही वाटायची, पण त्या बंदुकीच्या नावावर दुकान चालत होतं.

हर्षलला सांगितलं, "माही बहीण, राबिया." त्यानं वहीतलं माझं नाव खोडून तुझं लिहिलं. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी तो जळगाव जामोदला तुझ्याकडे यायचं म्हणतो. तुझा हात चालताना त्याला बघायचा आहे. अब्बांची पटाशी घेऊन मीही येतोय. धार लावून ठेवली आहे. तू कामाला बस, मला फक्त स्वयंपाकघर कुठे आहे ते सांग.

चहा मी आणून देईन.

तुझा भाई,
रहेमतुल्ला