मिनीबसला मिळालेला गार्ड

जयपूर, संक्रांतीनंतरचा आठवडा, १९८४

ती. गुलाबरावदादांस, बळवंतचा वाकून नमस्कार.

तुमची गुडघेदुखी आणि वहिनींची तुमच्यावरची नाराजी, दोन्ही उतरणीला लागली असतील अशी आशा आहे. इकडे आमची तब्येत उत्तम. आमची म्हणजे माझी. तुमच्या बहिणीची कळायला मार्ग नाही, कारण रविवारपासून सुलोचना माझ्याशी बोलत नाही, आणि होळीला भुसावळला जाईन ती तिकडेच राहीन, असं शेजारणीला मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. उलटसुलट कानावर येण्याआधी खरं काय ते माझ्याकडून ऐका.

बदली होऊन इथं आल्यापासून तिला मराठी बोलायला माणूस नव्हतं (मी आहे, पण मी धरला जात नाही). इथल्याच झालाना भागात राहणाऱ्या प्रतिमाताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं, तशी ती काळी चंद्रकळा नेसून हौसेनं निघाली. स्टेशनबाहेर मिनीबस उभी होती. मी मागच्या दारानं चढलो. ती पुढच्या दाराशी, घेरदार घागऱ्यांच्या दोन बायकांमागं. आता रेल्वेच्या गार्डाची सवय तुम्हाला ठाऊक आहे. चढायचं, डोकावून मागं पाहायचं, मागं सगळं ठीक असलं की शिट्टी. (शिट्टी सुट्टीच्या दिवशीही खिशात असते; त्यावरून एक भांडण आधीच झालेलं आहे.) मी मागं पाहिलं. सुलोचना पुढं होती. मी शिट्टी वाजवली, आणि इथले कंडक्टरही शिट्टीच वाजवत असल्यामुळे ड्रायव्हरनं गाडी सोडली.

खाली दोघं राहिले, सुलोचना आणि पान लावून घेणारा कंडक्टर. "भाईसाहब, भाभीजी तो नीचे रह गईं," असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं तोवर चांदपोल मागं पडलं होतं. मी उतरलोही असतो. पण दादा, भरलेली गाडी गार्डाशिवाय सोडायची कशी? मग प्रत्येक थांब्यावर मीच शिट्टी देऊन गाडी थांबवली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून उतरवलं, एकाची बकरी आत घेऊ दिली नाही. वाटेत मागून दुसरी मिनीबस आली, तिला शिस्तीत पुढं जाऊ दिलं. तिच्या खिडकीतून कोणी बाई जोरजोरात हात हलवत होती, म्हणून मीही हिरवा रुमाल हलवला. ती सुलोचना होती. कंडक्टरनं तिला त्या गाडीत बसवलं होतं.

प्रतिमाताईंच्या दारात भेटल्यावर मी एवढंच म्हणालो, "गाडीला काही झालं नाही." तेव्हापासून अबोला आहे.

आपला,
बळवंत

ता. क. : होळीला तुम्ही घरी नाही, असं तिला लिहाल का? ती गेली तर मला इथं करमणार नाही. हे तिला तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होत नाही.

ता. क. दुसरा, सुलोचनाचा : दादा, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, तेही मुकाट्यानं. झालेलं सगळं मी प्रतिमाताईंकडे जमलेल्या बायकांना सांगितलं आणि इथं आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले. येत्या रविवारी त्या सगळ्या माझ्याकडे यायच्या आहेत. होळीला मी कुठं येते? पण यांना इतक्यात कळवू नकोस. अबोला धरल्यापासून पाणी भरतात, भाजी निवडतात, काल कणीकही मळली. पोळ्या लाटायला लागले की बोलेन.