नावातला राव वगळण्याबाबत

बाबा, तुमचा राव काढून टाका म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, मोबाईलवर लाल अक्षरात एक ओळ उमटते, ‘नाव जुळत नाही’, आणि त्या ओळीपुढे मी महिनाभर डोकं आपटते आहे. तुम्ही मला जिथे चिकटवून दिलं होतं ती सूतगिरणी विकली गेली. पगारातून दर महिन्याला कापलेला आमचा पैसा गिरणीच्या जुन्या फंडात पडून होता. नव्या मालकांनी तो फंडच बंद करायला काढला. आता ज्याने त्याने आपला पैसा एका नव्या ॲपवर न्यायचा, किती शेअरमध्ये घालायचा, किती सरकारी रोख्यांत, ते आपणच ठरवायचं, आणि म्हातारपणी त्यातून पेन्शन घ्यायची. महिनाअखेरपर्यंत नेला नाही तर तो ‘वादातली खाती’ म्हणून बाजूला पडणार, आणि एकदा बाजूला पडलेलं काय होतं ते मला टाइम ऑफिसात लोकांच्या हजेऱ्या लिहीत बसून चांगलं ठाऊक आहे. मला भाऊ नाही, लग्न मी केलं नाही, आई गेली. हातपाय थकल्यावर माझ्या भाकरीला हाच पैसा आहे, दुसरं काही नाही. आणि तो अडला कशापायी, तर रावापायी!

गंमत बघा. गिरणीतल्या लग्न झालेल्या बायांची दोन-दोन नावं, माहेरचं एक, सासरचं एक. त्यांचं कसं होईल म्हणून मीच हळहळत होते. त्यांनी लग्नाचा दाखला जोडला, झटक्यात मोकळ्या झाल्या. माझं जन्माचं एकच नाव, मधे तुमचं नाव, आणि अडकले मी. आधार कार्डावर तुम्ही नुसते आहात, फंडात तुम्ही राव आहात. मशीनला वाटतं या दोन वेगळ्या बाया.

नुसते का आहात, तेही सांगते, कारण तुम्हाला ते कधी कळलंच नसेल. शाळेत नाव घालायला मला आई घेऊन गेली होती, तुम्ही प्रेसमध्ये होता. मास्तरांनी विचारलं, वडिलांचं नाव काय? आई कुठली तुमचं नाव तोंडाने घेते! दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, शेवटी सोबत आलेल्या शेजारणीने सांगून टाकलं, आणि शेजारीण काय राव लावते थोडीच. दाखल्यावर लागलं तेच पुढे आधारावर उतरलं. आईने नाव घेतलं असतं तर तिने रावसकट घेतलं असतं, याची मला खात्री आहे. पण ते घ्यायचं नाही म्हणून तर सगळं रामायण!

फंडातला राव मात्र तुमचाच. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत आलात, मला नको नको झालेलं, एवढी मोठी पोरगी आणि बाप सोबत. बाबूसाहेब टेबलाच्या पलीकडे बसून रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिताहेत, तुम्ही अलीकडे उभे. जन्मभर छापखान्यात शिशाचे खिळे उलटे वाचून जुळवलेला माणूस, तुम्हाला उलटं काय आणि सुलटं काय. त्यांचा पेन उचलायच्या आत तुम्ही बोललात, “साहेब, राव राह्यला.”

“लागते काय?”

“लागते नं. माह्या पोरीच्या नावात माहं नाव येऊन राह्यलं, तं पुरं येऊ द्या.”

त्यांनी कपाळाला आठ्या घालून वर काकपद दिलं आणि राव घुसवला. तुम्ही ते वाकून पाहिलं, मान हलवली, आणि परत जाताना स्टँडवर मला आलुबोंडा चारलात. मी तुमच्यावर चिडलेलीच होते. आजही चिडलेलीच आहे म्हणा, कारण वेगळं.

तुमचं ते वेड घरात आम्ही रोज भोगलं. लग्नसराईत संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसून पत्रिकेचं प्रूफ वाचताय, मी समोर मूळ कागद धरून ताडून पाहते आहे. पत्रिका छापायला येणारे कोण? मजूर, टपरीवाले, गावाकडून एसटीने आलेले नवरीचे मामा. कागदावर बापाचं नाव साधं, आणि तुमच्या जुळणीत त्याला राव लागलेला. एकदा एक जण म्हणाला म्हणे, “आमाले कायले राव? आमी कोठचे राव?” तर तुम्ही त्याला म्हणालात, “राव लावाले पैसे नाही लागत. दोन खिळ्याचं तं काम. मांडवात तुमचं नाव वाचतील तं नीट वाचू द्या.” एका प्रुफात राव सुटलेला माझ्या लक्षात आला नाही, तेव्हा तुम्ही ताटावरून उठून ओरडलात. “काहून व पोरी, या माणसाचा राव कुठं गेला? खाल्ला काय तुनं?” आई म्हणाली, जेवू तरी द्या तिला. मी रडत रडत जेवले. आपल्याच नात्यातल्या एका पत्रिकेवर तुमचा राव नव्हता म्हणून तुम्ही त्या लग्नाला गेला नाहीत. आई एकटी आहेर देऊन आली, आणि तुम्ही घरी बसून आम्हाला सांगत होता की चूक खिळ्याची नसते, डोळ्याची असते, आणि तुमच्या हातून ती कधी झाली नाही.

आता ऐका तुमच्या रावांचं काय झालं ते. टाइम ऑफिसात माझ्याकडे रांग लागली आहे, आणि निम्म्या लोकांचं दुखणं हेच. इथे राव आहे, तिथे नाही. रिंग फ्रेमवर सूत काढणारा एक जण आहे, कळंबकडचा, रिटायर व्हायला आलेला. नोकरीला लागताना त्याच्याजवळ छापील असा कागद एकच होता, त्याची लग्नपत्रिका, आणि ती तुमच्या प्रेसची. त्यावरून त्याच्या बापाला फंडात राव लागला, बाकी दुनियेत कुठे नाही. मी त्याला फार जपून समजावायला लागले, की भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण वडिलांच्या नावातला राव काढावा लागेल. त्याने नुसता हात झटकला.

“काढून टाका नं मॅडम. राव काय भाकर देते काय?”

मला असा राग आला, बाबा! त्याचा काय दोष, पण म्हटलं, लोकांसाठी तुम्ही ताटावरून उठत होता आणि हा आहे की झुरळ झटकावं तसा झटकतो. त्याचं काम मी पाच मिनिटांत करून दिलं. त्याच्या मागच्या सगळ्यांचंही करून दिलं. माझं तेवढं राहिलं.

आधी म्हटलं, आधारावरच राव चढवू. यवतमाळला केंद्रावर दोन खेपा घातल्या. तिथे पुरावा मागतात, पुरावा म्हणजे शाळेचा दाखला, आणि दाखल्यावर शेजारीण बसलेली. मग नव्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पुण्याची कोणी पोरगी, बोलायला इतकी गोड की भांडताही येईना. “मॅम, तुमच्या वडिलांचं खरं नाव काय होतं?” मी म्हटलं, दोन्ही खरी आहेत. “मॅम, खरं एकच टाकायचं असतं.” मी तिला राव म्हणजे काय ते सांगायला लागले, तर फोन कटला. परत लावला तर दुसरीच पोरगी, आणि पुन्हा तेच, मॅम, खरं नाव काय होतं? अरे, काय होतं काय! तुमच्या चितेपाशी जमलेल्या माणसांना विचार म्हणावं, काय होतं ते.

ॲपवर बदलाचं कारण निवडावं लागतं. कारणं तीनच. लग्नानंतर नावात बदल. टंकलेखनातील चूक. इतर. पहिलं बघून वाटलं, या वयात कोणी पदरात पडला तर यापेक्षा लवकर सुटका होईल. मी ‘इतर’ निवडलं आणि तुमच्या शिकवणीप्रमाणे शुद्ध मराठीत लिहिलं की राव हा आदरार्थी शब्द असून वडिलांनी स्वतः उभे राहून लिहवून घेतला होता. परत आलं, कारण अस्पष्ट. पुन्हा लिहिलं, जास्त मोठं, जास्त शुद्ध. पुन्हा परत. महिना संपायला आला, ऑफिसातले सगळे मोकळे होऊन शेअर घेऊ की रोखे घेऊ याच्या गप्पा मारताहेत, आणि मी त्या तीन ओळींपुढे बसलेली. आयुष्यात ज्याच्या जुळणीत चूक सापडली नाही, त्याच्याच पोरीने सही करून द्यायचं की हा राव टायपिंगची चूक होता. पण नाही द्यावं, तर मी खाऊ काय?

सोमवारी मी ‘टंकलेखनातील चूक’ निवडलं.

हे तुम्हाला सांगणं भाग होतं म्हणून लिहायला बसले. लिहून झालं की ड्रॉवरमध्ये टाकून देईन, पत्ता तर काही नाही. एक तेवढं राहिलं. मला वाटलं होतं, काम होईल तेव्हा रडू फुटेल. बुधवारी जेवायच्या सुट्टीच्या थोडं आधी मोबाईल वाजला, नव्या ॲपवर माझं खातं हिरवं झालं होतं, पै न पै आलेली. मी खुर्चीतच मोठ्याने हसले. डबा खाल्ला, शेजारच्या बाईच्या डब्यातली वांग्याची भाजी मागून घेतली. महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवले, बाबा, आणि संध्याकाळपर्यंत मला तुमची आठवणसुद्धा आली नाही.