मुंबई लागायची ती जागा

८ फेब्रु.
आज दुपारी सव्वाबाराला सगळं बदललं. डहाणू स्टेशनबाहेर तलासरीची जीप थांबली आणि मनीषा उतरली. मूल घ्यावं तसा गोधडीत गुंडाळलेला रेडिओ छातीशी. चौदा महिन्यांनी दिसली. म्हणाली, "आजाचा आहे. बोलता करशील?" कशी आहेस, एवढं तरी विचारायचं होतं. तोंडातून निघालं, करतो.
आजाला तिने सांगितलंय, डहाणूच्या एका मेकॅनिककडे देते. कुठल्या, ते नाही सांगितलं. त्याच जीपने परत गेली.
गोधडीला चुलीच्या धुराचा वास आहे. धुवायची नाही.

१० फेब्रु.
मागची पाटी उघडली. आत भाताचं तूस, उंदराचं जुनं घर. काचेचे व्हॉल्व्ह पाच, त्यातला एक फुटलेला. कागदी कंडेन्सर मेणबत्तीसारखे गळलेत. दुकानात दिवसभर मोबाईलच्या काचा बदलतो, तिथे सगळं टाचणीएवढं. इथे प्रत्येक वस्तू हातात धरता येते. रेडिओ दुरुस्त करायचा नाद याच्यामुळेच लागला असावा. हा माझा चौथा.

१३ फेब्रु.
झोप नाही. तोच दिवस डोक्यात. मागच्या मागच्या डिसेंबरात त्यांच्या अंगणात गेलो होतो, मागणी घालायला, एकटाच. (एकटं कोण जातं? मी.) आजाने विचारलं, शिकला किती. म्हटलं, डिप्लोमा, दुसऱ्या वर्षाला सोडला. का? सरांशी वाजलं. आजा हसला. माझी सटकली. कप अर्धा तसाच खाली ठेवला नि उठलो. त्यांच्यात चहा अर्धा टाकून उठणं म्हणजे घराचा अपमान, ते मला माहीत होतं. म्हणूनच टाकला. पाठीमागून आजा बोलला ते अख्ख्या अंगणाने ऐकलं:
"कॉलेज अर्धं, चहा अर्धा. हा पोर संसार पण अर्धाच करील."
सगळे हसले. म. नाही हसली. तेवढ्यावर जगतोय.
हा रेडिओ पूर्ण करणार. स्क्रूसकट.

१६ फेब्रु.
सावेकाकांकडे गेलो. पप्पांच्या रेल्वेतलेच, सिग्नल खात्यातून रिटायर. डब्यातून पेपरात गुंडाळलेला व्हॉल्व्ह काढून दिला, बरोब्बर तोच. म्हटलं, आज जोडतो, आजच प्लग लावतो. काकांनी हात धरला. "आधी दिव्यातून वीज दे. इतकी वर्षं झोपलेल्याला कानाखाली मारून उठवतात का?" शंभर वॉटचा साधा बल्ब मध्ये जोडायचा. आत काही बिघाड असेल तर बल्ब भडकतो, रेडिओ वाचतो. म्हणाले, तुझ्यासारख्यांसाठीच शोधलाय हा दिवा.

२ मार्च
बारा कंडेन्सर बदलले. बोटं भाजली, ती वेगळी.
म.चा मेसेज : झाला का? मी : होतोय.
काय होतोय. मुद्दाम हळू करतोय. झाला की द्यावा लागेल.

९ मार्च
दुकानात जयेशभाईशी वाजलं. शेठ आहे, पण तोंडाला लगाम नाही. म्हणाला, "एवढी मगजमारी कशाला? ब्लूटूथवाला बोर्ड टाकून दे ने आत. म्हाताऱ्याला काय समजते?" म्हटलं, मला समजतं ना. तो म्हणाला, तुला समजत असतं तर कॉलेजात असता. स्टूल लाथाडून निघालो.
घरी आलो तो तापलेलाच. काहीतरी पुसायला हवं होतं. रेडिओची स्टेशनांची नावं असलेली काच काढली, स्पिरिट ओतलं, खसाखसा घासली. मोबाईलची काच पुसतो तशी.
अक्षरं फडक्यावर आली.
दिल्ली गेली. सिलोन गेलं. मुंबईतला फक्त अनुस्वार राहिला. फडक्यावर एक लाल डागही. कसला कळलं नाही. काचेवर होता बहुतेक.

१० मार्च
सावेकाका काच उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. जुन्या काचेवरचा रंग पाण्यालाही घाबरतो, म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ मार्च
म.चा फोन. स्वतःहून.
विवळवेढ्याची जत्रा उठली की सिल्वासाचे पाहुणे येणार तिला बघायला. मुलगा कंपनीत, शिकलेला.
विचारलं, तुला काय वाटतं?
"तू रेडिओचं सांग."
मग तीच म्हणाली, काचेवर लाल ठिपका आहे, तो जप. आजीने लावलेला, नखांच्या रंगाने. तिला वाचता यायचं नाही. काटा ठिपक्यावर आणला की मुंबई लागायची. आजी गेल्यावर आजाने रेडिओ लावला नाही, पण ठिपक्यावरची धूळ पुसायचा.
मी म्हटलं, हो.
हो म्हटलं मी. फोन ठेवला आणि फडकं शोधत बसलो. आईने धुऊन दोरीवर टाकलं होतं. पांढरंस्वच्छ.

५ एप्रिल
संध्याकाळी सात. बल्ब जोडला, बटण दाबलं. बल्ब एकदम उजळला, माझा जीव गेला, मग हळूहळू मंद झाला. सावेकाका म्हणाले होते तस्संच. व्हॉल्व्हच्या आत नारिंगी तार. रेडिओ गुरगुरला.
नुसती खरखर. मग आठवलं, ही खरखर घरातल्या इतर वस्तूंची. आईचा टीव्ही बंद केला, चार्जर काढले, सगळे एलईडी दिवे घालवले. पप्पा अंधारात ताट घेऊन बसलेले, म्हणाले, जेवू पण नको का? काटा हळूच फिरवला. आणि कुणीतरी बाई अगदी समोर बसल्यासारखी बातम्या सांगायला लागली. मुंबई.
पप्पा जेवायचे थांबले. आई दारात. मला एवढंच वाटत होतं, म. इथे पाहिजे होती.
काटा जिथे थांबला तिथे चौकटीवर, काचेबाहेर, पेन्सिलने बारीक रेघ मारली. आजीचा ठिपका इथेच असणार. इथेच.

६ एप्रिल
आईची नेलपॉलिशची बाटली आणली. लाल. रेघेसमोर ब्रश धरला. लावला असता तर कुणाला कळलं नसतं. आजाला आता नीट दिसत पण नाही.
म्हणून तर हात चालेना. बाटली बंद केली.

१८ एप्रिल
जत्रा उठली. पाहुणे उद्या दुपारी.
म. : सकाळी जीपवर ये. मी घेते. आजाला कळणार नाही, कुणी केला ते.
बरोबर आहे तिचं. रेडिओ द्यायचा, तिने घरी न्यायचा, मुंबई लागली की आजा खूश. ठिपका कुठे गेला, तर ‘मेकॅनिकने घालवला’. मेकॅनिक कोण, कुणालाच माहीत नाही. पाहुण्यांना ऐकवायला वाजता रेडिओ.
सावेकाकांना विचारलं. म्हणाले, काम केलंस तर नाव सांग. बिघडवलंस तर आधी सांग.
तिला लिहिलं : जीपवर देत नाही. घरी आणतो. आजाच्या हातात देईन.
दोन निळ्या खुणा. वाचलाय तिने.

१९ एप्रिल, सकाळ
अजून उत्तर नाही.
रेडिओ गोधडीत बांधलाय. बल्ब घेतला. नेलपॉलिशची बाटली वरच्या खिशात. आजाला सांगणार, ठिपका मी पुसला, रागात. ही रेघ ती जागा. लावायचा तर तुम्ही लावा. मग तो हाकलेल, किंवा पाहुणे येतील तोवर बस म्हणेल, किंवा काय ते... म. दारात असेल की आत, ते पण माहीत नाही.
चहा दिला तर पूर्ण पिणार. कितीही बोलला तरी. कप पालथा करून दाखवीन.
आई विचारतेय, कुठे निघालास एवढ्या सकाळी. मेकॅनिक निघालाय, म्हटलं, डिलिव्हरीला.
आठची जीप. वही फळीवर ठेवतो, दार ओढून घेतो.