सामाईकची किल्ली

साल्तो,
२१ मार्च

प्रिय हेर्वासियो,

तुझा निरोप फोनवर पोचला. उत्तर कागदावर लिहितेय, कारण फोनवर मी भलतंसलतं लिहून बसेन आणि तू वाचून गप्प राहशील. एल्बियोची बहीण मंगळवारी पूल ओलांडून नदीपलीकडे तुझ्या कोन्कोर्दियाला येतेय, तिच्या हाती पाकीट देते.

इकडे सगळे बरे आहेत. नदी चढलीय आणि डासांनी उच्छाद मांडलाय. संत्र्यांना रंग यायला लागला. एल्बियोचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा एल्बियोच जास्त कुरकुरतो. तुझ्या खुर्चीवर हल्ली मांजर झोपतं.

मलेनाचा झगा तीनदा उसवून शिवून झाला. काही बोलायला जावं तर म्हणते, "आई, पंधरा वर्षं एकदाच पूर्ण होतात!" वाढदिवसाच्या नाचात पहिला वॉल्ट्झ बापाबरोबर. बाप ब्राझीलहून येणार म्हणतो, पण त्याचं 'येणार' तुला ठाऊक आहे. दुसरा धर्मपित्याबरोबर. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला हातात घेऊन तूच उभा होतास, तिनं तुझा कोट ओला केला होता.

त्या वाढदिवसाबद्दल तू चार ओळी किती गोड लिहिल्यास! आणि पाचवी ओळ: "जाता जाता, सामाईकची परवानगी पुन्हा चालू करशील का? दोन मिनिटांचं काम आहे."

वा रे पठ्ठ्या!

आहेच दोन मिनिटांचं. पण त्याच्यामागे वर्षं आहेत. तू, मी आणि एल्बियो, आपण तिघांनी पॅकिंगवाल्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी सहकारी संस्था काढली तेव्हा सगळा कोड एकाच साठ्यात, एकाच रेपोत होता, एका घरात पाच खोल्या असाव्यात तसा. तोलणी, प्रतवारी, शीतघर, रवानगी, आणि पाचवं ते एल्बियोचं सामाईक: फळांच्या जाती, मापं, बागांचे क्रमांक, सगळ्यांना लागणारं. माप बदललं की एका फटक्यात सगळीकडे बदलायचं. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग तू मोन्तेविदेओच्या परिषदेला जाऊन आलास आणि नवं ज्ञान घेऊन आलास. "रोसिना, एकत्र बदलणाऱ्या गोष्टी एकत्र ठेवाव्यात. ज्यांचा एकमेकींशी संबंध नाही त्या वेगळ्या. प्रतवारी बाहेर काढ."

मी म्हटलं, "अरे, संबंध नाही कसा? उगाच नांदतं घर कशाला मोडायचं?"

"नव्या गिऱ्हाइकाला प्रतवारी तेवढी दाखवायचीय. त्यासाठी आख्खं घर उघडं टाकायचं का?"

पटलं मला. सभेत तिघांनी हात वर केले, आणि सगळ्यात उंच माझा होता.

सगळा हिवाळा मी त्या कामात घातला. कॅमेऱ्यासमोरून जाणारं फळ लहान की मोठं, डागाळलेलं की निर्मळ, हे ओळखणारा प्रत्येक तुकडा माझा. जुना प्रत्येक बदल त्याच्या इतिहासासकट उचलून नव्या रेपोत बसवला. पाऊस पडला की तू गरम तळलेल्या तोर्ता आणायचास, माझ्या मागे उभा राहून म्हणायचास, "इतकं नेटकं काम उभ्या उरुग्वेत कोणी करत नाही." आणि मी मूर्ख, लाजायचे!

फेब्रुवारीच्या सभेत येर्बाच्या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. दुसऱ्याच फेरीला तो परत देताना तू आभार मानलेस. आभार मानले म्हणजे पुरे, आता मला देऊ नका, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. मला वाटलं, याचं पोट बिघडलंय. मी तुला पुदिन्याचा काढा करून देणार होते, हेर्वासियो. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला. लॅपटॉप मात्र प्रामाणिकपणे परत केलास, धुऊनपुसून.

पुढचं मला इथल्या पॅकिंगवाल्यानं सांगितलं, करार नवा करायला गेले तेव्हा. "बाई, तुमचीच प्रतवारी पलीकडे स्वस्तात मिळणार म्हणतात. हेर्वासियोच तिथला मुख्य झालाय. आम्ही जरा थांबतो." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते 'नवं गिऱ्हाईक' म्हणजे तुझा नवा मालक होता, आणि दाखवायला म्हणून उघडलेली प्रतवारी त्यानं उचलून नेली होती. हा करार गेला तर संस्था बुडाली. एल्बियोनं या वयात कुठं जायचं?

केसानं गळा कापलास रे. चोरायचंच होतं तर आख्खं चोरायचं होतंस. तू ते माझ्याच हातून सोलून घेतलंस, बिया काढायला लावल्यास आणि ताटात वाढून घेतलंस. मला झोप लागत नाही ती त्यानं.

आणि आता ते प्रतवारीचं काम तिकडे चालत नाही. कसं चालेल? सामाईकची नक्कल मी प्रतवारीत घातलीच नव्हती. नुसता पत्ता लिहिला होता, की अमुक आवृत्ती तिथून आणावी. चार ठिकाणी चार नकला ठेवल्या की कोणती खरी ते कळेनासं होतं, एवढंच मनात होतं. तू पत्ता घेऊन गेलास, घर इथंच राहिलं. राजीनामा दिलेल्याची परवानगी बंद करायची हा सभेचाच ठराव, त्यालाही तुझा हात वर होता.

एल्बियो म्हणाला, "देऊन टाक पोरी. मी लिहिलंय ते."

"तुझं एकट्याचं नाही, तिघांचं आहे."

"तिघांचं असेल तर त्याचंही आहे की."

"तो फेरीतून उठला, एल्बियो."

तो पाणी गार झालं म्हणाला आणि किटली घेऊन आत गेला.

मलेनापासून लपवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माझा वाढदिवस आणि ते काम त्यानं एकाच निरोपात लिहिलं?"

"हो."

"मग तू उत्तरं वेगवेगळी दे."

बघ, तुझाच नियम. पोरीनं तो तुझ्याच शेजारी बसून ऐकला होता.

तर पहिलं उत्तर. सामाईकची परवानगी मिळणार नाही. आज नाही, मोसम सुरू झाल्यावर नाही, तिकडचे फळांचे सरकते पट्टे थांबले आणि संत्री सडली तरी नाही.

आणि दुसरं. बारा एप्रिल, रात्री नऊ, क्लबाचा हॉल. दुसऱ्या वॉल्ट्झपुढं मलेनानं तुझंच नाव ठेवलंय. नकार मुद्दाम आधी लिहिला, म्हणजे आता इथून तुला मिळण्यासारखं काहीच उरलं नाही. आता आलास तर फक्त तिच्यासाठी येशील. नाही आलास तरी आम्हाला काय ते कळेल. एल्बियोनं बुटांना पॉलिश करून ठेवलंय, त्या गुडघ्यासकट तो तुझ्या जागी उभा राहील.

आभार मानून फेरीतून उठलास तो तू. मी अजून कोणाचे आभार मानलेले नाहीत.

तुझी भागीदार नव्हे, मलेनाची आई,
रोसिना