आईचा सरवा

नागपूर, ता. २ डिसेंबर १९५३

ती. स्व. आनंदाताईस,
रूपरावचा शि. सा. न. वि. वि.

चोरीच्या कायद्यात बदलाचा मसुदा निघाला आहे. तो मराठीत उतरवण्याचे काम साहेबांनी माझ्याकडे दिले. तू इथे असतीस तर गल्लीभर सांगत फिरली असतीस! पण सातव्या कलमावर माझा हात अडला. कापणी झालेल्या शेतात पडलेली कणसे विनापरवानगी वेचली, तरी ती चोरी. शिक्षा तीन महिने कैद. म्हणजे आपला सरवाच की गं.

सोमवारी लोकांची मते ऐकायला अधिकारी सेलूला येत आहेत. तू पंचायतीची सभासद, तू जाच. फक्त आपल्या घरचे काही काढू नको. कचेरीत मला मोठ्या शेतकऱ्याघरचा समजतात.

लोभ आहेच, रागे भरू नये.
तुझा रूपराव

केळझर, ता. ८ डिसेंबर

चि. रूपरावास अ. उ. आ.

तुझे ऐकता आले नाही, हे आधीच सांगते. सभेत सेलूचे किसनराव म्हणाले की सरवा वेचणाऱ्या बाया उभ्या कणसालाही हात घालतात, साऱ्या चोर. मग मला बसवेना. मी म्हटले, माझ्या आईने, जिजाबाईने, सरवा वेचून दोन लेकरे वाढवली. घरी जाण्याआधी ओटीतली कणसे धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, मालकापुढे ओतून दाखवायची. किसनराव हसले, म्हणाले, काऊन वो बाई, याले साक्षीदार कोन?

तेव्हा मागून आपले म्हातारे अण्णाजी काठी टेकत उठले. म्हणाले, साक्षीदार मी आहो, वावर माह्यंच होतं. जिजाबाईसाठी शेवटच्या तासात, धुऱ्याकडच्या ओळीत, चार कणसं मी मुद्दाम उभी ठेवत होतो, पण बाई एवढी तिखट, थे तोडून माह्याच हाती देऊन जाये.

अधिकाऱ्यांनी सारे लिहून घेतले. तुझे नाव मी घेतले नाही.

रागावला असशील तर रागाचेच पत्र लिही, पण लिही.
तुझी ताई

नागपूर, ता. २० डिसेंबर

ती. स्व. ताईस शि. सा. न.

राग आला होता, दोन दिवस टिकला. मग तुझी साक्ष इंग्रजीत उतरवायला माझ्याच टेबलावर आली. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारले की ही धीट बाई कोण. मी उभा राहिलो आणि सांगितले की ही माझी बहीण, जिजाबाई माझी आई, आणि तिची ओटी भरली की धुऱ्यावर टोपली धरून बसायचो तो मी. साहेबांनी मसुदा पुढे ओढला. मग त्यांनी कलमाशेजारी ‘फेरविचार व्हावा’ असे लिहिले.

कलम राहते की जाते, देव जाणे. पण आईला जन्मात स्वतःचे नाव वाचता आले नाही, ते आता सरकारी कागदावर आहे. अक्षर माझे आहे, ताई, आणि मी ते जरा मोठेच काढले आहे.

अण्णाजींच्या पायांवर माझ्यासाठी डोके ठेव. माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.
जिजाबाईचा रूपराव